एका हाताच्या खुणा

घोटी, ६ नोव्हेंबर २०२५

गोरख,

नंबर ब्लॉक केलास, ठीक. पोस्टमन ब्लॉक करता येत नाही. पाकिटावर मुद्दाम क्लासचा पत्ता टाकलाय आणि 'गोरक्ष सर' असं मोठं लिहिलंय, म्हणजे तुझ्याकडची ती काउंटरवरची मुलगी एखाद्या पोराचं आभाराचं पत्र समजून टेबलावर आणून ठेवेल.

मी सध्या घोटीला भाताच्या गिरणीवर आहे. नवा भात यायला लागलाय. दिवसभर पोती उतरवायची, संध्याकाळी कानातून कोंडा काढायचा. त्याआधी महिनाभर बोअरवेलच्या गाडीवर होतो. ती नोकरी चांगली होती, पण मालकाचा पुतण्या गाडीत सारखं एकच गाणं लावायचा, म्हणून सोडली. असो. तुला त्याच्याशी काय करायचंय.

गेल्या शुक्रवारी मालेगावला घरी गेलो, तर अब्बा दारातच उभे. सलाम नाही, पाणी नाही, मोबाईल थेट माझ्या नाकासमोर. तुझा व्हिडिओ. 'एक शब्द, नऊ अर्थ : आता ओव्हर विसरून दाखवा!' अंगात निळा कोट, मागे तुझाच मोठा फोटो. म्हणजे दोन दोन गोरख. आणि तू खुणा करतोयस. अब्बांचे डोळे भरलेले. छातीवर हात ठेवून मला खुणेने म्हणाले, 'माझ्या. ह्या माझ्या खुणा.' मग जरा कपाळाला आठी घालून, 'पण हा दोन्ही हात का नाचवतोय?'

विसरला असशील तर आठवण करून देतो. दहावीचा इंग्रजीचा पेपर माझा तीनदा राहिला होता. आपण दोघं राहायचो त्या सातपूरच्या खोलीत तू म्हणालास, "चल, तुझ्या घरी येऊन बसतो आणि पास करून दाखवतो." घरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून अब्बा कामाला आहेत त्या यंत्रमागांच्या कारखान्यात आपण त्यांच्या मागाशेजारी पोत्यावर बसायचो. तिथं पन्नास माग एकदम खडखडतात. शेजारच्या मागावरून ओरडलं तरी ऐकू जात नाही, आणि पस्तीस वर्षं तिथं काढलेल्या माणसाला मग बाहेरही ऐकू येत नाही. म्हणून तिथले लोक खुणांनी बोलतात. धागा तुटला, सुताची कांडी संपली, मुकादम आला, चहा आला, तुझी बायको भांडून माहेरी गेली का, सगळं खुणांनी.

तू वहीत वाक्य लिहायचास, मी अब्बांना खूण करून अर्थ सांगायचो, कारण ते सारखे 'काय वाचताय?' विचारायचे. नदीवर पूल आहे. ओव्हर म्हणजे वर. अब्बांनी मान हलवली. पुढचं वाक्य, शाळा संपली. तिथंही ओव्हर. अब्बा म्हणाले, 'अरे, आत्ता तर वर होतं ना?' पुढचं, पन्नासहून जास्त माणसं. परत ओव्हर. पोराने भिंत ओलांडली. ओव्हर. आता मात्र ते चिडले. माग थांबवला आणि खूण केली. तू पोट धरून हसला होतास, आठवतं? 'आमच्याकडे एका खुणेचे दोन अर्थ झाले तर माणसाचं बोट जातं. ह्या इंग्रजांची बोटं शाबूत कशी राहिली?'

(पान उलट. हाही ओव्हरच बरं का. पालथा पंजा सुलटा करायचा, अब्बांची पाचवी खूण.)

मग त्यांनी प्रत्येक अर्थाला वेगळी खूण काढून दिली. अकरा दिवस चाललं होतं ते. 'संपलं' म्हणजे मूठ उघडून रिकामी दाखवायची, कांडी संपल्यासारखी. 'ओलांडून' म्हणजे हात मागातल्या धोट्यासारखा या टोकाहून त्या टोकाला फेकायचा. 'सगळ्या महाराष्ट्रभर' म्हणजे बोटं वरून खाली झिरपवायची, कारखान्यात कापसाचा भुरा बसतो तशी. 'चहावर गप्पा' हे त्यांना पटेचना. 'कपाच्या वर बसून?' तू म्हणालास, "चाचा, मराठीत पण चहावर, फोनवर, जमिनीवरून भांडण, सगळीकडे वरच." अब्बांनी तुझे ओठ वाचले आणि म्हणाले, 'म्हणजे तुम्हीसुद्धा त्यांच्यातलेच.'

वाक्यं तुझी होती, हे मी कुणापुढेही कबूल करतो. मला अडतीस मार्क तुझ्यामुळे मिळाले. पण खुणा अब्बांच्या होत्या.

आणि तू त्या व्हिडिओत काय बोललास? "ही पद्धत माझ्या वडिलांची. ते यंत्रमागावर कामगार होते. खुणांनी बोलत त्यांनी मला इंग्रजी शिकवलं. आज ते नाहीत." मग रुमाल.

गोरख, तुझे वडील नामपूरला कांद्याच्या मार्केटात तोलाई करतात. आज ते नाहीत म्हणजे कुठं नाहीत? जेवायला घरी गेले असतील.

अब्बांना हे कळलेलं नाही. ते ओठ वाचतात, पण तुझ्या तोंडापुढे माईकचं ते मोठं काळं बोंड होतं. त्यांनी मला विचारलं, 'काय म्हणतोय?' मी काय सांगितलं ते सोड.

तो व्हिडिओ काढ. एवढंच सांगायला बसलो होतो आणि चार पानं झाली.

फैजान

—

नामपूर, १३ नोव्हेंबर

गोरख,

गिरणी सोडली. एक ट्रक कांदा भरायला नामपूरला निघाला होता, त्यात बसलो. मागे लिहिलं होतं, 'ओव्हरटेक करा, पण घरी पोचा.' पूर्वी असं काही दिसलं की मी फोटो काढून तुला पाठवायचो आणि तू कोणत्या नंबरची खूण ते सांगायचास. या वेळी मोबाईल काढला आणि परत खिशात टाकला.

तुझ्या घरी आलोय. खरं सांगतो, तुझी चहाडी करायला आलो होतो. गेणूबापूंना म्हणणार होतो, बापू, तुमच्या मुलाने तुम्हाला मारून टाकलंय, दोन लाख लोकांनी बघितलंय.

दारात पाय ठेवला तर लंकाबाई काकू चुलीपासूनच ओरडल्या, "ये रे भो! कथा व्हतास इतला दिन? मना गोरखनी काय खबर शे?" मी कुठं होतो ते सांगेपर्यंत समोर बाजरीची भाकरी, ठेचा आणि वर दही. जेवलो. जेवल्यावर चहाडी करता येत नाही, हे मला आधी माहीत नव्हतं.

बापू मार्केटातून आले. खांद्यावरचा टॉवेल झटकून बाजूला बसले. त्यांच्याकडे अजून तो बटणांचा मोबाईल आहे. म्हणाले, "लोके सांगतस, गोरख मोबाईलमा दिसस. मना पोऱ्या मास्तर झाया. दाखव ना भो, आम्हले बी दाखव."

माझा हात खिशावर होता.

मी म्हणालो, "बापू, रेंज नाही."

रेंज फुल होती. बापू मला म्हणाले, गच्चीवर ये, तिथं येते. मी म्हणालो, बॅटरी संपली. ते म्हणाले, चार्जरला लाव. मी म्हणालो, पिन वेगळी आहे. शहाणा माणूस आहे तुझा बाप. तीन कारणं दिली की चौथं विचारत नाही.

स्टँडपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "दिवाळी गयी. त्याले सांग, आते तरी घर ये."

सांगितलं.

दुसरी गोष्ट. तुझ्या व्हिडिओच्या शेवटी पाटी येते, रविवार तेवीस नोव्हेंबर, नाशिक, हॉलचं नाव. अब्बांनी ती पाटी थांबवून थांबवून वाचली. आता त्यांना यायचंय. त्यांना वाटतंय की तू त्यांना बोलावशील. असं त्यांना का वाटतंय ते मला माहीत आहे, आणि त्यात तुझा दोष नाही. तेवढं एक तुझ्यावर घालत नाही.

काहीतरी कर. कार्यक्रम पुढे ढकल. आजारी पड.

फैजान

—

मालेगाव, १९ नोव्हेंबर

गोरख,

दोन पास आले. पाकीट उलटं करून झटकलं, फाडून आतून बघितलं. चिठ्ठी नाही. नुसते पास, वर 'व्हीआयपी' छापलेलं. पण आले ना. म्हणजे तू पत्रं वाचतोस. मला एकदम हलकं वाटलं. बाहेर जाऊन दोन भजीपाव खाल्ले. चिठ्ठीचं काय, तू आधीपासून आळशी.

अब्बांनी पांढरा कुर्ता इस्त्री करून आणलाय. दाढी नीट करून घेतली. अख्ख्या कारखान्याला पास दाखवून झाला. पलीकडच्या मागावरचे इमरानचाचा खुणेने त्यांना म्हणाले, 'आता तू मोठा साहेब, आमची कांडी कोण बदलणार?' अब्बा लाजले रे. एकसष्टाव्या वर्षी. बाकीचे लोक, ज्यांनी व्हिडिओ ऐकलाय, ते दुसरीकडे बघतात. अब्बांना वाटतं, जळतात.

आता ते सांगतो, जे मी दोन पत्रांत टाळलं.

त्या दिवशी दारात अब्बांनी विचारलं, 'काय म्हणतोय?' आणि मी खूण केली, 'म्हणतोय, ह्या खुणा माझे उस्ताद रहेमान यांच्या.'

मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांचा चेहरा तू बघितला असतास तर तूही तेच केलं असतंस. नाही, तू नसतं केलंस. पण मी केलं. मग त्यांनी तो व्हिडिओ चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेर, डॉक्टरच्या दवाखान्यात, जिथं जाईल तिथं दाखवला, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, आता कुणीतरी सांगणार. कुणी सांगितलं नाही.

म्हणून एक विनंती. व्हिडिओ राहू दे. तुझा क्लास, तुझा कोट, तुझं नाव, सगळं राहू दे. नामपूरबद्दल माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही. फक्त त्या दिवशी एकदा, एका वाक्यात म्हण की या खुणा रहेमान चाचांच्या. तू बोललास की माझं खोटं खरं होईल. तुझ्या हातात आहे.

आणि अगदीच जमत नसेल, तर निदान तो काळा माईक तोंडापुढे धर.

फैजान

—

मालेगाव, २४ नोव्हेंबर

तू कानाला लावायचा माईक घातला होतास. गालावरून आलेली बारीक दांडी, टोक तांदळाएवढं. तुझं अख्खं तोंड उघडं.

सकाळच्या एसटीने निघालो होतो. नाशिकला सीबीएस स्टँडवर उतरून अब्बांना मिसळ खायची होती, पण कुर्त्यावर डाग पडेल म्हणून नुसता चहा घेतला. तिसऱ्या रांगेत, कडेच्या दोन खुर्च्या. चारशे पोरंपोरी असतील. तू आलास तेव्हा सगळे उभे राहिले, अब्बाही राहिले. तू आमच्याकडे बघितलंस. मी बघितलं की तू बघितलंस.

पाऊण तास तू बरा शिकवलास, हे लिहायला मला जड जातंय, पण खरं आहे. "ओव्हर द फेन्स, ओव्हर द इयर्स, ओव्हर अ कप ऑफ टी." पोरं खुणा करत होती. चारशे हात एकदम वर गेले की बघायला छान दिसतं. अब्बा सगळ्या हॉलकडे वळून वळून बघत होते, आपल्या मुलीच्या लग्नात बाप बघतो तसे. मग तू पाचव्या खुणेनंतर थांबलास आणि म्हणालास, "दोन्ही हातांनी, मित्रांनो! एनर्जी!"

आणि अब्बा उभे राहिले.

मी बाही ओढली. त्यांनी सोडवून घेतली. डावा हात कमरेजवळ मूठ करून धरला आणि उजव्याने तीच खूण केली. परत केली. डाव्या हाताकडे बोट दाखवून मान हलवली, 'हा नाही. हा मागाच्या दांड्यावर असतो. हा सोडायचा नसतो.' पोरांना काय कळणार. काही हसली. एक मुलगी म्हणाली, "सर, हे काका काहीतरी सांगतायत."

तुला सगळं कळलं होतं. अकरा दिवस तू ते बघितलंस. एका हाताच्या खुणा का आहेत हे त्या हॉलमध्ये फक्त तिघांना माहीत होतं.

तुझ्याकडे एक वाक्य बोलायची वेळ होती. एवढा चांगला मोका मला मागूनही मिळाला नसता. तू हसलास, हात पसरलास आणि म्हणालास, "टाळ्या! जोरात टाळ्या! हे आमचे रहेमान चाचा. माझे वडील मागावर होते ना, त्यांच्या हाताखाली होते हे. वडील गेले, पण त्यांनी शिकवलेली खूण बघा, चाचांच्या हातात अजून जिवंत आहे!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

अब्बा माझ्याकडे वळले. खूण केली, 'काय म्हणाला?'

मी खूण केली, 'म्हणाला, हे माझे उस्ताद.'

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. 'पुन्हा सांग.'

मी पुन्हा तेच सांगितलं.

ते बसले. कार्यक्रम संपेपर्यंत मांडीवर हात ठेवून बसले.

संपल्यावर तू खाली आलास, कॅमेऱ्यासमोर वाकून त्यांच्या पाया पडलास. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. मग तुला सरळ उभा केला आणि खूण केली, अगदी सावकाश, नव्या पोराला करतात तशी, 'तुझे वडील कधी वारले?'

तू म्हणालास, "चाचा, काय म्हणताय कळलं नाही," आणि सेल्फीसाठी उभ्या असलेल्या पोरांकडे वळलास. तुला कळलं होतं. तुझे कान लाल झाले होते.

चांदवडचा घाट चढेपर्यंत अब्बा खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली. 'त्याच्या तोंडापुढे आज माईक नव्हता.'

माझे हात माझे नसल्यासारखे मांडीवर पडले होते.

'व्हिडिओतही हेच बोलला होता?'

मी हो म्हणून मान हलवली.

ते म्हणाले, 'तो परका. त्याला दुकान चालवायचंय. तू माझा हात होतास. तू खोटी खूण केलीस.' थोड्या वेळाने पुन्हा, 'दोनदा विचारलं मी.'

एवढंच.

मला तुझा गळा धरावासा वाटतोय, आणि कागदावर मी माझ्याच हातांबद्दल लिहितोय. बघ, तू काय करून ठेवलंस. रागसुद्धा मला पुरा मिळू दिला नाहीस.

फैजान

—

मालेगाव, ३ डिसेंबर

गोरख,

उत्तर नको. पाकिटावर तिकीट लावलंय, नाहीतर हे मी फाडलं असतं.

गेणूबापूंचा फोन आला होता, बाजारातल्या कुणीतरी त्यांना व्हिडिओ दाखवला. ते फक्त एवढंच म्हणाले, "फैजान, तुन्ही पिन येगळी व्हती ना?" आणि फोन ठेवला. त्यांच्याकडे तू जा. मी जाणार नाही. माझं इथं चाललंय.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे, तुला माहीत नसेल, कारण तुझ्यावर ती वेळ कधी आली नाही. खुणा आपल्या माणसाशी करायच्या. ज्याला खुणा येत नाहीत, म्हणजे शेठ, मीटर बघायला आलेला माणूस, सूत आणणारा ड्रायव्हर, त्याच्याशी तोंडाने बोलायचं. अब्बांचा आवाज मी आयुष्यात फार थोडा ऐकलाय. ऐकू येत नसल्यामुळे तो एकदम मोठा आणि सपाट येतो, रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा.

एसटीतून उतरल्यापासून ते माझ्याशी त्या आवाजात बोलतात.

"फैजान मियाँ, चाय रखी है, पी लीजिए."

मला ते 'आप' म्हणतात. अम्मी रडते. मी पहिल्या दिवशी खूण केली, 'माफ करा.' त्यांनी नीट बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "जी? समझा नहीं." दुसऱ्या दिवशी परत केली. "समझा नहीं." ज्या माणसाने इंग्रजांच्या एका शब्दाला नऊ खुणा काढून दिल्या, त्याला माझी एक कळत नाही.

तुला वाटलं असेल, आता हा पळणार. मलाही वाटलं होतं. एक टेम्पो सुरतेला चालला होता, बॅग भरली होती. गेलो नाही. मुकादमाच्या हातापाया पडून अब्बांच्या समोरच्या मागावर लागलोय. आज चौथा दिवस. हात अजून बसलेला नाही, धागा सारखा तुटतो. पण मान वर केली की ते समोर दिसतात आणि त्यांनी मान वर केली की मी. कधी ना कधी त्यांना माझ्याकडे बघावं लागेल, असा हिशेब होता.

आज दुपारी माझी कांडी संपली. डावा हात दांड्यावर ठेवला, उजवा वर केला, मूठ उघडून रिकामी दाखवली. कांडी त्यांच्या बाजूच्या टोपलीत होती. इमरानचाचांनी बघितलं, आजूबाजूच्या सगळ्यांनी बघितलं. अब्बांनीही बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग माग थांबवून चालत मुकादमाकडे गेले, आणि त्या सगळ्या खडखडाटात त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलले. मला ऐकू आलं नाही. पण अब्बांनीच मला लहानपणी ओठ वाचायला शिकवलंय.

"वो नया आदमी है ना," ते म्हणत होते, "देखो, उसको क्या चाहिए."

फैजान